पोवाडा (इतिहासकथन)

पोवाडा : वीरांचे पराक्रम व समकालीन घटना सांगणारा मराठी कथनपर गीतप्रकार. शाहीर डफावर थाप देत प्रसंग उभा करतो. मागे उभे झीलकरी तुणतुणे व झांजांच्या साथीत ‘जी जी’ची झील धरतात. अखेरीस बहुधा कवीची नाममुद्रा येते. कर्ता ओळखण्यास तिचा आधार होतो. अज्ञानदासाचा अफझलखानवधावरील (१६५९) व तुळसीदासाचा सिंहगडावरील (१६७०) पोवाडा विशेष प्रसिद्ध. पराक्रमांप्रमाणेच पानिपतचा (१७६१) पराभवही पोवाड्यांचा विषय बनला.

गोंधळी-शाहिरांच्या तोंडी असलेले पोवाडे ॲकवर्थ व शं. तु. शाळिग्राम यांनी १८९१ मध्ये ग्रंथरूपात आणले, पुढे य. न. केळकरांनी हे काम विस्तारले. पोवाड्यात सैन्याचे आकडे फुगतात, घटनाक्रमही सरमिसळतो. म्हणून तपशील कागदपत्रांशी ताडून पाहावे लागतात. बखर दरबाराकडे पाहते, तर पोवाड्यात फडापुढे बसलेल्या रयतेचा अभिमान व शोक ऐकू येतो. संयुक्त महाराष्ट्र चळवळीत अण्णा भाऊ साठे, अमर शेख यांनी याच परंपरेला लोकलढ्याची धार दिली.