नजर, पहार आणि चिठ्ठी

शितावरून भाताची परीक्षा ही म्हण कोकणात किंवा मावळात जन्मली असावी; बारामतीहून इंदापूरकडे जाताना जो प्रदेश लागतो तो मात्र ज्वारी-बाजरीचा आणि पर्जन्यछायेतला मुलूख आहे. तेथे परीक्षा व्हायची ती कणीस तळहातावर मळून आणि दाणा दाताखाली धरून. म्हणीत एक गृहीत दडलेले आहे, ते असे की मडक्यातल्या भाताला उकळी फुटते, शिते वरखाली होतात, आणि म्हणून हाती येईल ते शीत बाकीच्यांची साक्ष देऊ शकते. शेताला अशी उकळी कोणी आणत नाही. नीरा आणि भीमा यांच्या मधल्या या पट्ट्यात बांधाच्या अलीकडे काळी कसदार माती आणि पलीकडे उघडा मुरूम, असे दृश्य पावलोपावली दिसते. तेव्हा कोणत्या शेतातले, शेताच्या कोणत्या कोपऱ्यातले कणीस तोडायचे, आणि मुख्य म्हणजे ते कोणी ठरवायचे, या साध्या प्रश्नाभोवती इंदापूर तालुक्याच्या महसुलाचा दोनशे वर्षांचा इतिहास फिरत राहिला आहे.

पेशवाईत हा प्रश्न नजरेने सुटत असे. पाहणीला आलेला कारकून पाटील-कुलकर्ण्यांसह शिवारातून फिरे, उभ्या पिकाचा अदमास घेई, आणि त्यावर सूट किंवा वसुली ठरे. त्यात ओळख, भीड आणि लाच यांना वाव होता, पण दुष्काळाच्या साली माघार घेण्याची लवचिकताही होती. इंग्रजी अंमल आल्यावर रॉबर्ट कीथ प्रिंगल या तरुण मुलकी अधिकाऱ्याला ही ढिलाई मानवली नाही. हेलीबरीच्या विद्यालयात अर्थशास्त्राचे पाठ घेऊन आलेल्या या गृहस्थाने असे ठरविले की प्रत्येक प्रतीच्या जमिनीचे एकूण उत्पन्न काढावे, त्यातून लागवडीचा खर्च वजा करावा, आणि उरलेल्या निव्वळ उत्पन्नाचे शेकडा 55 सरकारने घ्यावेत. तत्त्व निर्दोष होते. परंतु हजारो शेतांच्या उत्पन्नाचा आणि खर्चाचा आकडा अखेर ज्यांच्या लेखणीतून उतरायचा होता ते कारकून तेच होते, भीडही तीच होती; भर म्हणून धान्याचे भाव कोसळले. 1830 नंतरच्या काही वर्षांत इंदापूर तालुक्यात सारा थकला, जमिनी पडीक पडल्या आणि कुळे गाव सोडून गेली. सर्व काही मोजण्याच्या अट्टाहासातून काहीच नीट मोजले जात नाही, हा धडा दक्खनला फार महागात पडला.

1835 साली मुलकी खात्यातले गोल्डस्मिड आणि लष्करी इंजिनियर लेफ्टनंट जॉर्ज विंगेट यांनी याच इंदापुरात नवी पैमाश हाती घेतली. मुंबई इलाख्याची पुढली सगळी जमाबंदी तिच्याच नमुन्यावर उभी राहिली, आणि 1847 च्या संयुक्त अहवालात तिचे नियम ग्रथित झाले. या दोघांनी पिकाचा नाद सोडला आणि मातीकडे पाहिले, हे त्यांचे शहाणपण. प्रतबंदीचा कारकून शेताचे आडव्या-उभ्या रेषांनी भाग पाडी, प्रत्येक भागात पहार मारून मातीची खोली पाही, रंग आणि पोत पाही. पावणेदोन हात खोलीची बारीक काळी माती सोळा आण्यांची, आणि तेथून उतरत उतरत नऊ वर्ग. चुनखड, वाळूची भेसळ, उतार, पाणी न शोषणारा थर असा जो जो दोष आढळे, तो तो त्या भागाला एकेक वर्ग खाली ढकली, आणि सर्व भागांची सरासरी हीच त्या शेताची आणेवार किंमत ठरे. कारकुनाच्या कामापैकी काही शेते वरिष्ठ अधिकारी पुन्हा तपासून पाहत. पहारीचा खड्डा म्हणजे नमुनाच की! आणि तो कोठे खणायचा हे शेतकऱ्याच्या आर्जवावर किंवा कारकुनाच्या मर्जीवर न सोडता आखलेल्या भागांवर सोडले होते. दर सौम्य होते, मुदत तीस वर्षांची होती, आणि पडीक रान पुन्हा नांगराखाली आले. (1867 च्या फेरपाहणीत दर चढले आणि 1875 साली सुप्यापासून दंगे उसळले, ती कथा निराळी, तेथे दोष मातीच्या परीक्षेचा नव्हता.)

पिकाचा अंदाज मात्र नजरेकडेच राहिला. आणेवारी म्हणजे सोळा आण्यांच्या भरघोस पिकाशी यंदाच्या पिकाची डोळ्यांनी केलेली तुलना. तिच्यावर साऱ्याची तहकुबी अवलंबून. 1918 च्या खेडा सत्याग्रहात सगळा झगडा पीक चार आण्यांच्या खाली की वर, एवढ्यावरच होता, आणि रयतेची नजर व सरकारची नजर यांचा निवाडा करणारी तिसरी नजर अस्तित्वातच नव्हती. तशात 1885 च्या सुमारास नीरेचा डावा कालवा वाहू लागल्यापासून इंदापूरच्या बाबतीत एकच एक आकडा सांगणे आणखी फसवे झाले होते, कारण कालव्याखालचा ऊस आणि कोरडवाहू ज्वारी यांची सरासरी ना उसाबद्दल काही सांगे, ना ज्वारीबद्दल.

जगात इतरत्रही याच सुमारास विचार बदलत होता. नॉर्वेच्या किएर यांनी 1895 मध्ये प्रातिनिधिक नमुन्याची बाजू मांडली. आपल्याकडे बिहार-ओरिसात हबॅक यांनी 1923 ते 1925 या काळात भाताच्या शेतांतून यादृच्छिक जागा निवडून कापणी केली. पण खेड्याच्या दफ्तरापर्यंत ही पद्धत नेण्याचे श्रेय ज्यांना मोठ्या प्रमाणावर जाते, ते सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे. फर्ग्युसनमधून 1932 साली पदवी घेऊन ते लंडनला गेले, नमुनाशास्त्रावर त्यांनी तेथे संशोधन केले, आणि 1940 पासून दिल्लीच्या शेतकी संशोधन परिषदेत पीककापणीचे प्रयोग उभे केले. त्यासाठी त्यांनी नवे खाते मागितले नाही. महसूल आणि शेतकी खात्यांची होती ती माणसेच हाताशी धरली. तालुका हा स्तर, त्यातून चिठ्ठीने निघालेली गावे, गावातून चिठ्ठीने निघालेले सर्व्हे नंबर, आणि त्या शेतात पुन्हा आकड्यांनीच ठरलेला एक आयत. आता गंमत अशी की चिठ्ठी टाकायची तर आधी यादी हवी, एकही शेत न वगळणारी, क्रमांक घातलेली. आणि ती यादी विंगेटच्या मोजणीदारांनी सारा वसूल करण्यासाठी शतकभर आधीच करून ठेवली होती. ज्या देशांत असे क्रमांक नव्हते तेथल्या नमुनेकारांना या वारशाचा हेवा वाटावा.

त्या आयताच्या आकारावरून सुखात्मे आणि कलकत्त्याचे महालनोबिस यांच्यात मोठा वाद झाला. महालनोबिस लहान लहान तुकडे पुष्कळ कापावेत या मताचे. थोड्या खर्चात अधिक ठिकाणे पाहता येतात, हा त्यांचा मुद्दा हिशेबाने बरोबरही होता. सुखात्म्यांनी दाखवून दिले की तुकडा जितका लहान तितकी क्षेत्राच्या मानाने त्याची कड मोठी, आणि कडेवर उभे असलेले ताट आत धरावे की बाहेर हा निर्णय घेताना माणसाचा हात नकळत ते आत ओढतो. म्हणून लहान तुकडा उत्पन्न फुगवून सांगतो. त्यांनी 33 फूट लांब आणि साडेसोळा फूट रुंद, म्हणजे एकराचा ऐंशीवा भाग, असा तुकडा वापरला. महाराष्ट्रातला 10 मीटर गुणिले 5 मीटरचा प्लॉट हे त्याचेच दशमान रूप. मला या वादात सुखात्म्यांची बाजू अधिक भावते, ती गणितासाठी नव्हे, तर त्यांना कापणाऱ्याच्या हाताची ओळख होती म्हणून.

पुढे पुण्याच्या गोखले संस्थेचे वि. म. दांडेकर यांनी 1976 साली पीक विम्याची कल्पना मांडली, तीही याच प्रयोगांच्या खांद्यावर: भरपाई एकेकाच्या शेतावरून न ठरवता त्या भागातल्या कापणीच्या सरासरीवरून ठरवावी. विमा व्यवहार्य झाला तो या युक्तीने, आणि तक्रारही तिच्यातूनच उपजली, कारण ज्याचे रान करपले पण त्या भागाची सरासरी बरी निघाली त्याचे, नमुना निर्दोष होता, हे सांगून समाधान होत नाही.

आजही चिठ्ठीत एखाद्या गावाचा गट नंबर निघाला की कर्मचारी शेताच्या नैर्ऋत्य कोपऱ्यावर उभा राहतो आणि कागदावरच्या आकड्याइतकी पावले लांबीने आणि मग रुंदीने मोजतो. सारा ठरवायला आलेल्या कारकुनाला शेतकरी आपले उणे पीक दाखवीत असे, विम्यासाठी आलेल्यालाही तो तेच दाखवू पाहतो. दोन शतकांत बोट दाखवायची जागा काही बदललेली नाही. पावले मोजणारा मान डोलावतो, तिकडे पाहतोही, आणि पुढचे पाऊल आकड्याप्रमाणेच टाकतो.