लंडनमधील ‘इंडियन’ भोजनगृहे : नामे आणि इतिहास

भोजनगृहाच्या दारावरील पाटीस इतिहासाचे साधन मानण्याचा प्रघात नाही. शिलालेख, ताम्रपट व बखरी यांच्या पंक्तीस तिला बसविणे कोणासही विचित्र वाटेल. तथापि ज्या लोकांनी आपल्यामागे लेखी पुरावा फारसा ठेवला नाही, त्यांच्या संबंधात दारावरची पाटी व आतील पदार्थांची यादी यांतून बरीच माहिती हाती येते. लंडन शहरात ‘इंडियन’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या भोजनगृहांचा इतिहास या दृष्टीने तपासण्याजोगा आहे. कोणते नाव कोणासाठी घेतले गेले, हा प्रश्न विचारला म्हणजे अन्न शिजविणारा व त्या अन्नाला नाव देणारा यांतील अंतर दिसू लागते.

ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरांमुळे हिंदुस्थानी धर्तीचे पदार्थ इंग्रजांच्या घरात प्रथम शिरले. इ. स. १७४७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या हॅना ग्लास हिच्या पाकशास्त्रावरील ग्रंथात ‘करी’ची कृती आढळते. हा शब्द तमिळमधील ‘कऱि’वरून आला असे सामान्यतः मानतात, मराठीतील ‘कढी’शी त्याचा व्युत्पत्तिसंबंध नाही. हिंदी मनुष्याने स्वतः चालविलेले लंडनमधील पहिले ज्ञात भोजनगृह मात्र इ. स. १८१० मधील. पाटण्याचा दीन महंमद याने पोर्टमन स्क्वेअरनजीक जॉर्ज स्ट्रीटवर ‘हिंदुस्थानी कॉफी हाऊस’ उघडले. हिंदुस्थानातून धन मिळवून परतलेले कंपनीचे अधिकारी याच भागात राहत. त्यांच्यासाठी येथे मसालेदार पदार्थांबरोबर हुक्क्याचीही सोय होती. परंतु ज्यांच्या घरी हिंदुस्थानी जेवण होऊ शकत होते, त्यांना बाहेर जाण्याचे प्रयोजन नव्हते. इ. स. १८१२ मध्ये दीन महंमदाचे दिवाळे निघाले. पुढे ब्रायटन येथे स्नानगृह काढून अंगमर्दनाच्या व्यवसायात त्याने नाव मिळविले व ‘शांपू’ हा शब्द इंग्रजांच्या ओठी रुळविण्यास हातभार लावला.

दुसरा टप्पा इ. स. १९२६ चा. त्या वर्षी रीजंट स्ट्रीटवर एडवर्ड पामर याने ‘वीरस्वामी’ हे भोजनगृह स्थापन केले. पामर अँग्लो-इंडियन घराण्यातील होता. त्याने पाटीवर दाक्षिणात्य नाव लावले, व स्वतःच्या पाककृतींच्या ग्रंथावरही तेच घातले. साम्राज्याच्या राजधानीतील प्रतिष्ठित गिऱ्हाइकास हिंदुस्थानचे वैभव दाखवावयाचे, तर इंग्रजी आडनाव उपयोगी नव्हते.

याच सुमारास पूर्व लंडनमध्ये निराळीच घडामोड चालू होती. कलकत्त्याहून सुटणाऱ्या आगबोटींवर सिल्हेट जिल्ह्यातील खलाशी मोठ्या संख्येने असत. त्यांपैकी पुष्कळजण भट्टीत कोळसा टाकणारे ‘आगवाले’ होते. त्या असह्य उष्णतेला व तुटपुंज्या वेतनाला कंटाळून काहीजण लंडनच्या बंदरात उतरत, ते बोटीवर परत जातच नसत. त्यांना आसरा देणाऱ्यांत अयूब अली ‘मास्टर’ यांचे नाव प्रमुख आहे. कमर्शियल स्ट्रीटवरील त्यांच्या कॉफीगृहाचे नाव ‘शाह जलाल’ असे होते. इ. स. १९४३ मध्ये खलाशांच्या हितासाठी जी संस्था निघाली, तिच्या उभारणीत ते व शाह अब्दुल मजीद कुरेशी हे दोघेही होते. महायुद्धानंतर या मंडळींनी बाँबवर्षावात मोडकळीस आलेली लहानसहान दुकाने स्वस्तात घेतली. तेथे तळलेल्या माशांबरोबर करी-भात मिळू लागला. मद्यगृहे बंद झाल्यावरही ही दुकाने उघडी राहत, आणि त्यामुळे त्यांना इंग्रज गिऱ्हाईक लाभले.

येथे नावांचा भेद लक्षणीय ठरतो. शाह जलाल हे सिल्हेटमधील थोर सूफी संत. त्यांचे नाव पाहून सिल्हेटी खलाशास आपले माणूस भेटल्याची खूण पटे. इंग्रजास ते निरर्थक होते. पुढे इंग्रजांसाठी निघालेल्या भोजनगृहांवर ‘ताजमहाल’, ‘कोहिनूर’ अशी नावे झळकू लागली. इ. स. १९४७ च्या सार्वमताने सिल्हेटचा बहुतेक भाग पाकिस्तानात गेला व इ. स. १९७१ मध्ये बांगलादेशात आला. मालकांचे राष्ट्र दोनदा बदलले. पाटीवरील ‘इंडियन’ हा शब्द बदलला नाही. सिल्हेटच्या घराघरांतील सुकी मासळी व सातकोरा हे लिंबूवर्गीय फळ यांना गिऱ्हाइकांच्या यादीत बहुधा स्थान मिळाले नाही.

यादीतील शब्दांचीही अशीच गत झाली. कांदा, लसूण व आले यांचा एक सामायिक रस्सा आधीच शिजवून ठेवावयाचा व मागणीप्रमाणे त्यात भर घालावयाची, ही या स्वयंपाकघरांची रीत. तीत पदार्थांची नावे तिखटपणाच्या पायऱ्या दर्शवू लागली. ‘कोर्मा’ हे मुळात मांस शिजविण्याच्या पद्धतीचे नाव. लंडनमध्ये त्याचा अर्थ ‘सौम्य’ असा झाला. ‘मद्रास’ या शहरनामाचा अर्थ ‘तिखट’ झाला. ‘विंदालू’ची कथा गोव्यातून जाते. पोर्तुगीजांच्या द्राक्षासव व लसूण घातलेल्या मांसप्रकारास गोव्यात शिर्का व मिरचीची जोड मिळाली. लंडनमध्ये त्याचा अर्थ ‘अत्यंत तिखट’ एवढाच उरला, आणि अंत्य ‘आलू’ या ध्वनीमुळे त्यात बटाटेही पडू लागले. अर्थापकर्षाचे व लोकव्युत्पत्तीचे याहून बोलके उदाहरण विरळाच.

इ. स. २००१ मध्ये ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री रॉबिन कुक यांनी चिकन टिक्का मसाल्यास ब्रिटनचा खरा राष्ट्रीय पदार्थ म्हटले. त्या गौरवात पदार्थ होता. तो रांधणाऱ्यांचा गाव नव्हता. आज हा इतिहास सांगता येतो तो मुख्यतः कॅरोलाइन अ‍ॅडम्स यांच्यामुळे. वृद्ध सिल्हेटी खलाशांच्या मुखातून त्यांनी आठवणी टिपून घेतल्या व इ. स. १९८७ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केल्या. ते काम आणखी काही वर्षे लांबते, तर अभ्यासकांच्या हाती केवळ पाट्या उरत्या, आणि पाट्यांवरून ही भोजनगृहे आग्र्याच्या किंवा मद्रासच्या लोकांनी उभारली असाच निष्कर्ष निघता. नामाचा अभ्यास इतिहासास वाट दाखवितो. परंतु नाव धारण करणाऱ्याची साक्ष त्याच्या हयातीतच घ्यावी लागते.