प-त-क

वाचा उपचार तज्ज्ञांच्या खोलीत एक परीक्षा असते, तिला फक्त तीन अक्षरे आणि एक घड्याळ लागते. आधी नुसते प-प-प म्हणायचे, मग त-त-त, मग क-क-क. शेवटी तिन्ही एका दमात, जमेल तेवढ्या वेगाने : पतक, पतक, पतक. शब्दाला अर्थ नाही, आणि तेच बरे. अर्थ असला की माणूस अंदाजाने वेळ मारून नेतो.

अक्षरे मात्र उगाच निवडलेली नाहीत. ‘प’ला ओठ मिटतात, ‘त’ला जिभेचे टोक दातांना लागते, ‘क’ला जिभेचा मागचा भाग टाळूकडे उचलला जातो. आपली वर्णमाला याच वाटेवर रचलेली आहे, फक्त उलट दिशेने, घशाकडून ओठांकडे. उच्चाराची स्थाने शिक्षाग्रंथांनी, म्हणजे जुन्या उच्चारशास्त्राच्या ग्रंथांनी, इतकी काटेकोर नोंदवली, पण त्यांतून आजार ओळखण्याची युक्ती निघाली नाही. ती निघाली पॅरिसमध्ये, आणि तीही तोंडावरून नव्हे, हातावरून. १९०२ मध्ये जोसेफ बाबिन्स्की या मज्जातज्ज्ञाने हाताचा तळवा भराभर पालथा-उताणा करायला लावण्याच्या चाचणीला नाव दिले. लहान मेंदूला इजा झालेल्यांना ते जमत नसे. हीच कल्पना पुढे जीभ-ओठांना लागू झाली. १९७२ मध्ये सॅम्युएल फ्लेचर यांनी मोजणी उलटी केली. ठरलेल्या वेळात किती वेळा, हे मोजण्याऐवजी ठरलेल्या आवर्तनांना किती वेळ लागला, ते मोजायचे. मुलांकडून करून घ्यायला हे सोपे पडते.

या तीन अक्षरांनी काय कळते, ते समजायला थोडे मागे जावे लागते.

बोलणे अडले की दोष जिभेचा, ही समजूत फार जुनी. हिंगोली जिल्ह्यातल्या सेनगावकडे आजही म्हणतील, ‘लेकराची जीभ जड हाय, बोलंल हळूहळू.’ मग मधात वेखंड उगाळून चाटवायचे, नाहीतर जिभेखालची तार कापून आणायची. तार आखूड असली तर काही उच्चार अडतात, हे खरे. पण त्यापायी लेकरू बोलायचेच राहत नाही. गंमत म्हणजे सुश्रुतसंहितेने दोष जिभेवर ढकलला नव्हता. निदानस्थानात म्हटले आहे की कफासह वायू शब्द वाहून नेणाऱ्या धमन्यांना व्यापतो आणि माणूस मूक, मिन्मिन (नाकात बोलणारा) किंवा गद्गद (अस्पष्ट बोलणारा) होतो. त्यात आजचा मेंदू शोधायला जाऊ नये. एवढे मात्र खरे, की बिघाड जिभेत नसून तिच्यापर्यंत येणाऱ्या वाटेत असू शकतो, हा विचार तिथे होता.

युरोपात तो फ्रेंच डॉक्टर पॉल ब्रोकांनी १८६१ मध्ये पुराव्यासह मांडला. पॅरिसजवळच्या बिसेत्र रुग्णालयात लबोर्न्य नावाचा एक माणूस वर्षानुवर्षे ‘तां तां’ एवढेच बोलत होता. लोक त्याला तां म्हणूनच ओळखत. संतापला की मात्र त्याच्या तोंडून शिवी साफ बाहेर पडे. त्याला सांगितलेले समजत होते, जीभही लुळी नव्हती. तो वारल्यावर ब्रोकांनी मेंदू पाहिला, तर डाव्या कपाळामागचा भाग खराब झालेला. त्यांचा निष्कर्ष असा, की उच्चारासाठी हालचाली जुळवण्याची शक्तीच या माणसाने गमावली होती. पण पुढे ‘भाषा गेली’ आणि ‘उच्चाराची जुळणी गेली’ ही दोन दुखणी एकाच पोत्यात भरली गेली आणि शंभर वर्षे तशीच राहिली.

ते पोते सोडायची पहिली खूण लंडनचे मज्जातज्ज्ञ ह्यूलिंग्ज जॅक्सन यांनी दाखवली. ‘जीभ बाहेर काढा’ म्हटल्यावर ज्याला ती काढता येत नाही, तोच रुग्ण ओठाला लागलेला कण जिभेने सहज टिपतो. आपल्याकडे लकवा झालेल्या एखाद्या माळकरी म्हाताऱ्याचे असेच होते. समोरच्याने रामराम घातला की ‘रामकृष्णहरी’ आपसूक निघते, आणि ‘आता म्हणा’ म्हटले की तोंड नुसते चाचपडत राहते. घरच्यांना वाटते, सोंग करतोय. ते सोंग नव्हे, रोगाचे लक्षण आहे.

या दुखण्याला लागलेला ‘अप्रॅक्सिया’ हा शब्द हाइमान श्टाइन्थाल या जर्मन भाषापंडिताचा, १८७१ चा. त्याला नेमका अर्थ दिला तो जर्मन मज्जातज्ज्ञ ह्यूगो लीपमान यांनी. १९०० मध्ये त्यांच्यापुढे ४८ वर्षांचा एक सरकारी अधिकारी आला. सांगितलेली कोणतीच गोष्ट त्याला करता येईना, म्हणून त्याची बुद्धी गेली असे ठरले होते. लीपमाननी त्याचा उजवा हात धरून ठेवला आणि तीच कामे डाव्या हाताने करायला लावली. त्याने ती केली. म्हणजे समज शाबूत, ताकद शाबूत. हुकुमाची हालचाल बनत नव्हती ती फक्त एका बाजूला.

बोलण्याला हा विचार रीतसर जोडला अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या फ्रेडरिक डार्ली यांनी, १९६० च्या दशकाच्या अखेरीस. त्यांनी अ‍ॅरन्सन आणि ब्राउन या सहकाऱ्यांबरोबर २१२ रुग्णांचे आवाज तपासून ‘डिसार्थ्रिया’चे प्रकार लावले, तिथे स्नायूच लुळे, ताठ किंवा बेताल असतात. अप्रॅक्सिया त्याहून वेगळा. शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचे तर डिसार्थ्रियात बैलच थकलेले असतात. अप्रॅक्सियात बैल खमके असतात, कासऱ्याचा इशारा बिघडलेला असतो.

आता पतककडे येऊ. डिसार्थ्रियाचा रुग्ण प-प-पदेखील मंद किंवा जडपणे म्हणतो आणि पतकही तसेच. अप्रॅक्सियाचा रुग्ण सुटी अक्षरे बऱ्यापैकी म्हणतो; तिन्हींची साखळी आली की अडखळतो, ओठ शोधत राहतो, पकत म्हणतो, तपक म्हणतो. ‘पाणी’ हा शब्द तीनदा विचारा, तीन तऱ्हेने चुकेल. चूक बदलती असणे, ही मोठी खूण.

लकव्याशिवाय, जन्मापासून असे असलेली मुले असतात हे इंग्लंडमधल्या म्युरियल मॉर्ली यांनी १९५० च्या दशकात लिहिले. २००१ मध्ये लंडनच्या एका कुटुंबात, जिथे तीन पिढ्यांतली निम्मी माणसे अशी होती, ‘फॉक्सपी२’ या जनुकातला बदल सापडला. बहुतेक मुलांत मात्र असे एकच बोट दाखवता येत नाही.

भारतात वाचा उपचाराच्या विद्येला घर मिळाले ते म्हैसूरच्या वाक्-श्रवण संस्थेत १९६५ मध्ये आणि मुंबईच्या नायर रुग्णालयात १९६६ मध्ये. वांद्र्याची अली यावर जंग संस्था १९८३ ची. सेनगावला हे सगळे लांबच. अंगणवाडीत येते ते २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे तपासणी पथक. त्यांच्या ३० व्याधींच्या यादीत भाषाविकासातला विलंब आहे, अप्रॅक्सिया नाही. त्यामुळे असे लेकरू ‘उशिरा बोलणारे’ म्हणून नोंदले जाते आणि घरचे वाट बघत बसतात. बंजारा तांड्यावरच्या मुलाची अडचण वेगळी. घरी गोरमाटी बोली आणि अंगणवाडीत मराठी, म्हणून ते गप्प राहिले तर तो रोग नव्हे. पतकच्या परीक्षेला भाषा लागत नाही, हा तिचा इथला मोठा फायदा. फक्त तीन वर्षांच्या आतल्या लेकराकडून ती करून घेण्याचा आग्रह धरू नये.

उपचार म्हणजे शिट्ट्या फुंकणे नव्हे, तरी अजून अनेक ठिकाणी तेच करून घेतात. जॉन रोझनबेक आणि सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये लावलेला क्रम साधा आहे : माझ्या तोंडाकडे बघ, माझ्याबरोबर म्हण, मग माझ्यामागून म्हण, मग एकटा म्हण. थोडेच शब्द घ्यायचे, पण घरात रोज लागणारे : आई, दे, नको, पाणी. आवर्तने पुष्कळ, आणि आठवड्यातून अनेकदा. दिवाळीनंतर आईबाप ऊसतोडीला निघाले की नेमके हेच तुटते. फडावरून फोनवर धडा घेता येतो, पण समोरचे ओठ लेकराला पूर्ण दिसायला हवेत; म्हणजे कोयता खाली ठेवून कुणीतरी पाव तास फोन त्याच्या डोळ्यांसमोर धरायला हवा.