वाट, रस्ता आणि जोडणी



एखाद्या प्रदेशात रस्ते किती, यापेक्षा ते एकमेकांना कोठे मिळतात, हा प्रश्न मला इतिहासाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा वाटतो.

घरे पडतात, राज्ये जातात. रस्त्याची रेषा मात्र टिकते. पणजी व रायबंदर यांना जोडणारा सुमारे तीन किलोमीटरांचा बांध पोर्तुगीजांनी १६३३-३४ मध्ये घातला. तेव्हा डिचोली व पेडणे त्यांच्या ताब्यातही नव्हते. ते अनुक्रमे १७८१ व १७८८ साली गेले. १९६१ मध्ये ती सत्ता संपली. बांधावरची वाहतूक आजही चालू आहे.

आपल्या गावांची जुनी जोडणी पायवाटांची होती. शेताच्या मेरेवरून, कुळागराच्या कडेने, देवळासमोरून त्या जात. एक वाट पावसात बुडाली, तर दुसरी असे. पुढे डिचोली तालुक्यात खनिजाचे रस्ते आले, ते खाणीपासून नदीकाठच्या धक्क्यापर्यंत. गावाला गाव जोडणे हे त्यांचे प्रयोजन नव्हते. पेडण्यात रुंदावलेला महामार्ग आणि जानेवारी २०२३ मध्ये सुरू झालेला मोपाचा विमानतळ यांनी दूरचे जग जवळ आणले. परंतु भूखंड पाडून वसविलेल्या वसाहतीला एकच फाटक ठेवले, की पाठीला पाठ लागून असलेल्या दोन घरांतील माणसांनाही हमरस्त्याचा वळसा घ्यावा लागतो. शाळेत चालत जाणारे मूल मग वाहनावर अवलंबून राहते.

बंद गल्ल्यांची ही कल्पना बाहेरून आली. अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात १९२९ साली रॅडबर्न ही वसाहत वसू लागली. मोटारींपासून मुलांचे रक्षण व्हावे म्हणून तेथे गल्ल्या बंद ठेवल्या. पण घरांमागे पायवाटांचे स्वतंत्र जाळेही आखले. पुढे अनेक ठिकाणी गल्ल्यांचे अनुकरण झाले आणि पायवाटा गाळल्या गेल्या.

आज आपल्यापैकी कोणी अभियंता आहे, कोणी पंच, कोणी जमीनमालक. माझी विनंती एवढीच, की भूखंडाचा नकाशा मंजुरीला जाण्यापूर्वी त्यावर जुनी पायवाट दाखविली जावी आणि ती पलीकडच्या वाटेला मिळावी. भिंत उठल्यानंतर वाट मागणे फार महागात पडते, आणि ते मोल पुढच्या कित्येक पिढ्यांना चालून फेडावे लागते.