वेबसाइट बांधताय? आधी जिओसिटीज आठवा

संशोधनासाठी स्वतःची वेबसाइट करायची आहे? मग टेम्प्लेट बघण्याआधी थोडा इतिहास बघू.

१९९४ साली सुरू झालेल्या जिओसिटीजवर लोक फुकटात पानं बनवायचे. पण पत्ता असायचा जिओसिटीजचा. १९९९ मध्ये याहूने ती विकत घेतली आणि ऑक्टोबर २००९ मध्ये अमेरिकेतली सेवा बंद केली. इंटरनेट अर्काइव्हने बरीच पानं जपली, पण जुने पत्ते गेले. पानाचं महत्त्व ठरवताना गूगल बाहेरून आलेल्या लिंकाही बघतं, म्हणजे वर्षानुवर्षांची ती कमाईही बुडाली.

दुसरं उदाहरण विक्सचं. सुरुवातीला तिथल्या साइट फ्लॅशमध्ये बनत. दिसायला झकास, पण आतला मजकूर सर्च इंजिनला नीट वाचता येत नसे. २०१२ मध्ये विक्सने एचटीएमएल५ आणलं.

म्हणून बिल्डर निवडताना तीन गोष्टी तपासा. स्वतःचं डोमेन जोडता येतं का? मजकूर एचटीएमएलमध्ये असतो का? सोडून जाताना मजकूर बाहेर काढता येतो का, आणि पानांचे पत्ते तेच ठेवता येतात का?

उद्या कुणी प्रबंधात तुमच्या पानाचा संदर्भ देईल. परीक्षकाने ती लिंक उघडली, तर पान सापडायला हवं ना?