घरगुती प्रीअ‍ॅम्प्लिफायरमधील 'हमिंग' : वीजपुरवठा व ग्राउंड यांच्या दोषनिवारणाचा इतिहास

प्रस्तावना

प्रीअ‍ॅम्प्लिफायर म्हणजे रेकॉर्डच्या सुईकडून अथवा मायक्रोफोनकडून येणारा काही मिलिव्होल्टचा क्षीण संकेत मुख्य अ‍ॅम्प्लिफायरला पुरेल इतका मोठा करणारा टप्पा होय. हौशी व्यक्तीने घरी बांधलेल्या अशा उपकरणाची पहिली तक्रार बहुधा एकच असते : संगीत सुरू होण्यापूर्वीच स्पीकरमधून 'घूं' असा अखंड आवाज येऊ लागतो. कारागीर त्याला 'हमिंग' म्हणतात. हा दोष सामान्यतः बांधणाऱ्याच्या अकौशल्याचा मानला जातो. वस्तुतः बॅटरीकडून घरातील विजेकडे झालेल्या संक्रमणाचा तो वारसा आहे. त्याच्या निवारणाचा शोध घेताना 'ग्राउंड' या संकल्पनेचा अर्थच कसा बदलत गेला, याचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

बॅटरीकडून विजेच्या तारेकडे

आरंभीचे रेडिओ संच बॅटरीवर चालत. बॅटरीचा प्रवाह एकदिश व स्थिर असल्याने हमिंगचा प्रश्न उद्भवत नव्हता. मात्र बॅटऱ्या खर्चिक होत्या आणि वारंवार बदलाव्या लागत. १९२५ मध्ये कॅनडातील एडवर्ड रॉजर्स यांनी बॅटरीविना, थेट घरातील विजेवर चालणारा संच बाजारात आणला. १९२७ मध्ये अमेरिकेत आलेल्या 'यूवाय-२२७' या व्हॉल्व्हमध्ये तापणारी तार आणि इलेक्ट्रॉन सोडणारा कॅथोड वेगळे करण्यात आले. त्यामुळे तारेतील प्रत्यावर्ती प्रवाहाचा आवाजावरील परिणाम पुष्कळ कमी झाला. तथापि तो नाहीसा झाला नाही. रेक्टिफायरने एकदिश केलेल्या प्रवाहातही तरंग उरतातच. भारत व ब्रिटनमध्ये विजेची वारंवारता ५० हर्ट्झ असल्याने पूर्णतरंग रेक्टिफायरनंतर १०० हर्ट्झचा तरंग शिल्लक राहतो. अमेरिकेत हेच आकडे ६० व १२० आहेत.

घरगुती बांधणीचे युग

१९४७ मध्ये 'वायरलेस वर्ल्ड' या ब्रिटिश नियतकालिकात डी. टी. एन. विल्यमसन यांनी अ‍ॅम्प्लिफायरची रचना प्रसिद्ध केली आणि उच्च प्रतीचा आवाज हौशी बांधणाऱ्याच्या आवाक्यात आला. अ‍ॅम्प्लिफायर जितका निर्दोष, तितका मागून येणारा हमिंग अधिक उघडा पडू लागला. १९५४ मध्ये रूढ झालेल्या 'आरआयएए' मानकाने त्यात भर घातली. या मानकानुसार रेकॉर्डवर खर्जाचे स्वर कमी पातळीवर कोरले जातात आणि वाजवताना प्रीअ‍ॅम्प्लिफायर त्यांना पुन्हा वाढवतो. परिणामी ५० हर्ट्झच्या स्वराचे वर्धन १००० हर्ट्झच्या तुलनेत सुमारे १७ डेसिबल, म्हणजे सातपट होते. संगीताचा खर्ज परत मिळवून देणारी हीच व्यवस्था हमिंगलाही सातपट करते.

१९५३ च्या 'क्वाड २' संचात नियंत्रक भागाला स्वतःचा ट्रान्सफॉर्मर नव्हता. त्याची वीज मुख्य अ‍ॅम्प्लिफायरकडून केबलने येत असे. ट्रान्सफॉर्मरचे चुंबकीय क्षेत्र क्षीण संकेतापासून दूर ठेवण्याचा तत्कालीन विचार या मांडणीत दिसतो. १९५८ च्या सुमारास स्टीरिओ रेकॉर्ड रूढ झाल्या आणि नवा पेच निर्माण झाला. त्याच दोन उपकरणांमध्ये आता दोन केबल आल्या. दोन्ही केबलींच्या बाह्य जाळ्या मिळून एक बंद वेटोळे तयार होई व आसपासचे चुंबकीय क्षेत्र त्यात प्रवाह निर्माण करी. यालाच 'ग्राउंड लूप' म्हणतात.

ग्राउंड हीदेखील तारच

आकृतीत ग्राउंड हे शून्य व्होल्टचे चिन्ह असते. प्रत्यक्षात ती रोध असलेली तार असते. फिल्टर कपॅसिटर सलग भारित होत नाही. तरंगाच्या शिखरापाशी अल्पकाळ मोठा प्रवाह खेचून तो भरला जातो. अर्धा चौरस मिलिमीटर जाडीच्या ३० सेंटिमीटर तांब्याच्या तारेचा रोध सुमारे ०.०१ ओहम असतो. तीतून अर्ध्या अँपिअरचा झटका गेल्यास ५ मिलिव्होल्टचा फरक पडतो. रेकॉर्डच्या सुईकडून येणारा संकेतही साधारण तेवढाच असतो! कपॅसिटर मोठा केल्यास झटके अधिक तीव्र होतात; म्हणून तार चुकीच्या जागी जोडलेली असेल, तर या लोकप्रिय उपायाने दोष जात नाही. सर्व ग्राउंड तारा एकाच बिंदूवर आणणारी 'स्टार' पद्धत या जाणिवेतून रूढ झाली. कपॅसिटर भरणारा प्रवाह संकेताच्या वाटेने जाऊ नये, हे तिचे सार आहे.

याच जाणिवेतून दोषशोधाचा क्रमही ठरला. प्रीअ‍ॅम्प्लिफायरचा इनपुट शॉर्ट करूनही आवाज तसाच राहिला, तर कारण आत आहे. थांबला, तर केबल वा जोडलेले उपकरण तपासावे. आवाज १०० हर्ट्झचा व खरखरीत असेल, तर संशय रेक्टिफायर, सुकलेला कपॅसिटर किंवा ग्राउंडची मांडणी यांवर जातो. तो ५० हर्ट्झचा व गुळगुळीत असेल, तर ग्राउंड लूप किंवा ट्रान्सफॉर्मरचे चुंबकीय क्षेत्र पाहावे. ट्रान्सफॉर्मर थोडा फिरवल्यावर आवाज बदलला, तर दुसरे कारण निश्चित होते.

१९९५ मध्ये नील मन्सी यांनी दाखवून दिले की, अनेक व्यावसायिक उपकरणांतही केबलची जाळी धातूच्या पेटीला न जोडता आतील संकेत-ग्राउंडला जोडलेली असते आणि त्यामुळे बाहेरचा गोंगाट आत शिरतो. २००५ च्या 'एईएस ४८' मानकाने ही जाळी पेटीलाच जोडण्याचे तत्त्व मान्य केले. घरगुती बांधणीतील चूक कारखान्यांतही होत होती, हे यावरून सिद्ध होते.

अर्थिंग तोडण्याचा मोह

या इतिहासाला एक गंभीर बाजू आहे. प्लगची तिसरी पिन काढली की ग्राउंड लूप तुटतो व हमिंग तत्काळ थांबतो. परंतु ती पिन आवाजासाठी नसून जीवरक्षणासाठी असते. ट्रान्सफॉर्मरचे आवरण निकामी होऊन २३० व्होल्ट पेटीवर आल्यास अर्थिंगमुळे फ्यूज उडतो; अर्थिंग नसेल, तर स्पर्श करणाऱ्याचे शरीर हीच प्रवाहाची वाट ठरते. मे १९७२ मध्ये वेल्समधील स्वॉन्झी येथे गिटारवादक लेस्ली हार्वे यांचा अर्थिंग नसलेल्या मायक्रोफोनला स्पर्श होऊन मंचावरच मृत्यू झाला. तारांची गफलत ही केवळ श्रवणसुखाची बाब नाही, याचे हे दुःखद उदाहरण होय. योग्य उपायात पेटी नेहमी थेट अर्थिंगला जोडलेली राहते. संकेत-ग्राउंड तिला एकाच ठिकाणी, आवश्यक तर सुमारे १० ओहमच्या रोधातून जोडले जाते. भारतातील अनेक जुन्या घरांत दोन पिनांचीच सॉकेटे आहेत. तेथे धातूच्या पेटीतील उपकरण वापरण्यापूर्वी अर्थिंगची सोय करणे अनिवार्य ठरते.

निष्कर्ष

बॅटरीच्या काळात ग्राउंड हा केवळ संदर्भबिंदू मानला तरी चालत असे. घरातील विजेने त्याला प्रवाहाची वाट बनवले. हमिंगच्या निवारणाचा इतिहास हा मुख्यतः या वाटा ओळखण्याचा व वेगळ्या ठेवण्याचा इतिहास आहे. संकेताची, कपॅसिटर भरणाऱ्या प्रवाहाची आणि जीवरक्षणाची अशा या तीन वाटा होत. पहिल्या दोन एकमेकींत मिसळल्यास संगीत बिघडते. तिसरी तोडल्यास माणूस दगावू शकतो. म्हणून महाविद्यालयीन प्रयोगशाळांत मंडल-आकृती शिकवताना ग्राउंडच्या चिन्हामागील प्रत्यक्ष तारही विद्यार्थ्यांना दाखवणे अगत्याचे आहे.