पाकिटातला अहवाल आणि बाईचे चारित्र्य



सोलापूरच्या सेटलमेंटचा इतिहास आपण विसरलेलो नाही. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने माणसाला जन्मावरून गुन्हेगार ठरवले. 1911 च्या सुधारित कायद्याने तो देशभर लागू करण्याची सोय झाली आणि सोलापुरात तारेच्या कुंपणाआड हजेरी सुरू झाली. 31 ऑगस्ट 1952 ला तो कायदा गेला.

त्याच इंग्रजांनी 1872 मध्ये पुरावा कायदा केला. त्याचे कलम 112 सांगत होते की लग्न टिकून असताना जन्मलेले मूल नवऱ्याचेच. त्या काळात दोघांची भेटच शक्य नव्हती, हे सिद्ध केले तरच उलट बोलता येते. आज हीच तरतूद भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 116 मध्ये आहे. एक कायदा जन्मावरून शिक्षा देत होता, दुसरा लेकराला जन्मावरून होणाऱ्या बदनामीपासून वाचवत होता.

आता मोबाइलवर जाहिरात येते: गालाच्या आतून कापसाची काडी फिरवा, पाकिटात घालून पाठवा, बाप कोण ते कळेल.

यात खरे किती? शास्त्र पक्के आहे. 1984 मध्ये लेस्टरला ॲलेक जेफ्रीज यांनी डीएनएवरून ओळख पटवण्याची पद्धत शोधली. मुलाच्या डीएनएतल्या प्रत्येक जोडीपैकी एक खूण आईची, एक बापाची. अशा अनेक जागा ताडून पाहतात. कच्चा दुवा आहे तो पाकिटाचा. यंत्र काडी तपासते, माणूस ओळखत नाही. नवऱ्याच्या नावाने दुसऱ्याचीच लाळ गेली, तर तपासणी बिनचूक आणि निष्कर्ष खोटा! म्हणूनच कोर्टासाठीचा नमुना साक्षीदारासमोर, ओळखपत्र पाहून, सीलबंद करून घेतात.

आपल्याच राज्यातले दोन खटले पाहा. विदर्भातल्या पोटगीच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये डीएनए अहवाल कायद्याच्या गृहीतकापेक्षा वरचढ मानला. पण ती चाचणी न्यायालयाच्या आदेशाने, सरकारी प्रयोगशाळांत, दोनदा झाली होती. पुण्याच्या खटल्यात नवऱ्याने आधीच खासगी चाचणी करून घेतली होती. तिथे 20 फेब्रुवारी 2023 रोजी त्याच न्यायालयाने मुलाच्या चाचणीचा आदेश रद्द केला. नवरा-बायकोच्या भांडणात लेकराला पुरावा बनवू नका, हा त्याचा मथितार्थ.

काही जण म्हणतील, मग विज्ञानाला घाबरायचे का? मुळीच नाही. अस्पृश्य वेगळ्या वंशाचे, असे सांगणाऱ्यांची नाकाची मोजमापे बाबासाहेबांनी 1948 च्या ‘द अनटचेबल्स’मध्ये फेकून दिली नाहीत. ती तपासली आणि त्याच आकड्यांनी तो सिद्धांत मोडला.

आपणही तेच करायचे. वस्तीत कोणी असला अहवाल नाचवत बायकोला घराबाहेर काढू लागला, तर विचारा: नमुना कोणी घेतला? कोणासमोर? आईला माहीत होते का? उत्तर नसेल, तर त्या कागदावर लेकराचे नाव आणि हक्क हिरावू देऊ नका.

जय भीम!